पडद्यावरचे ऊन



हे सदर पिकांचे, खतांचे, कीड-रोगांचे. मग या आठवड्यात कृषी अधिकारी सिनेमाच्या दिव्यांच्या गोष्टी का सांगत बसला, असे तुम्ही विचाराल. विचारणे रास्तच आहे. पण आज घरोघर मोबाईल आहे आणि मोबाईलला कॅमेरा आहे. ई-पीक पाहणीला फोटो लागतो, पानावर डाग पडला की फोटो काढून कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवला जातो, पोरीचे स्थळ फोटोवरून ठरते आणि बियाण्याची पिशवीही फोटो पाहूनच विकत घेतली जाते. म्हणजे आपले बरेचसे व्यवहार आता चित्रावर चालतात आणि चित्र चालते उजेडावर. त्या उजेडाला हवे तसे वाकवण्याची विद्या सिनेमावाल्यांनी सव्वाशे वर्षे घासूनपुसून तयार केली आहे. ती थोडी समजून घेतली, तर आपल्याला दोन फायदे आहेत. एक म्हणजे आपल्याला खरे दाखवता येईल आणि दुसरा म्हणजे कोणी खोटे दाखवले तर ते ओळखता येईल.

पहिली गोष्ट लक्षात घ्या, कॅमेरा म्हणजे आपला डोळा नव्हे. भर दुपारी बांधावरून घरात शिरलो की क्षणभर काही दिसत नाही, मग हळूहळू डोळा सरावतो आणि कणगीमागे बसलेले मांजरही दिसू लागते. डोळ्याचे हे कसब कॅमेऱ्याजवळ फार थोडे आहे. त्याला उन्हातले आणि सावलीतले एकाच वेळी नीट दिसत नाही. उन्हाला सांभाळावे तर सावली काळी पडते, सावलीला सांभाळावे तर ऊन पांढरेफटक होते. सिनेमाच्या दिव्यांचा सगळा खटाटोप येथून सुरू होतो.

अगदी सुरुवातीला सिनेमावाला आपल्यासारखाच सूर्याचा ताबेदार होता. अमेरिकेत एडिसनच्या कारखान्याच्या आवारात १८९३ साली चित्रीकरणासाठी एक खोली उभी राहिली. बाहेरून डांबरी कागद लावलेली, आतून काळी, आणि छताचा एक भाग झाकणासारखा उघडणारा. गंमत पुढेच आहे. ही खोली गोल रुळांवर बसवलेली होती. सूर्य सरकेल तशी माणसे ती खोलीच ढकलून फिरवत. सूर्यफुलाने जे आपल्या देठावर साधले, ते त्या माणसांनी रुळांवर साधले म्हणा ना!

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला आणि ३ मे १९१३ रोजी तो मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांना दाखवला. त्याचे चित्रीकरण दादरला झाले, तेही सूर्याच्या उजेडात. राजवाडा म्हणून जो दिसतो त्याच्याही डोक्यावर आभाळच होते. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, तो काळा उमटे आणि निळे आभाळ पांढरे होऊन जाई. म्हणून नटांच्या चेहऱ्यावर रंगाचे थर चढवावे लागत. ढग आला की काम थांबे. पावसाळ्यात कामाचे कसे होत असेल, हे तुम्हाला सांगायला नको.

पुढे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी या सूर्याच्या ताबेदारीतून बाहेर पडण्याची धडपड केली. मूळचा हाडाचा चित्रकार माणूस. नाटकांचे पडदे रंगवणारा. कॅमेरासुद्धा त्यांनी कोल्हापुरातच घडवला. १९२३ च्या 'सिंहगड' चित्रपटात त्यांनी रात्रीच्या देखाव्यांसाठी कृत्रिम दिवे वापरले, अशी नोंद आपल्या सिनेमाच्या इतिहासात आहे. तानाजी गड चढला तो रात्री. तो देखावा भर उन्हात दाखवून कसे चालेल?

आणि १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा हा मूकपट आपल्या जिव्हाळ्याचा. सावकार कर्जात अडकवून शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि तो शेतकरी गाव सोडून शहरात गिरणीत मजुरी करायला जातो, अशी कथा. तरुण शेतकऱ्याचे काम केले होते व्ही. शांताराम यांनी. तोवर पडद्यावर बहुतेक देवादिकांच्या नाहीतर राजेरजवाड्यांच्या कथा. तेथे कर्जबाजारी कुणबी येऊन उभा राहिला. 'सावकारी पाश'बद्दल निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी पुढे एका दृश्याची आठवण लिहून ठेवली. दृश्य काय, तर दूरवरून दिसणारे एक भकास झोपडे, अगदी मंद उजेडात टिपलेले, आणि एक रडणारे कुत्रे. बस्स.  पण त्या अंधाऱ्या झोपड्याने कर्जाखाली दबलेल्या घराची जी कळा सांगितली, ती दहा पानी भाषणाने सांगता आली नसती. येथे एक धडा आहे. उजेड जितका बोलतो, तितकाच अंधारही बोलतो. दिवे लावणाऱ्याची अर्धी विद्या दिवा कोठे लावायचा यात, आणि अर्धी कोठे लावायचा नाही यात असते.

आता थोडे तंत्राकडे वळू. सिनेमाच्या दिव्यांची बाराखडी तीन दिव्यांची आहे.

पहिला मुख्य दिवा. त्याला ते लोक 'की लाईट' म्हणतात. तो माणसाच्या थेट समोर नसतो, जरा बाजूला आणि जरा वर असतो. सकाळी नऊ-साडेनऊला उगवतीच्या बाजूने ऊन अंगावर येते, तसा. त्यामुळे नाकाची, गालाची सावली पडते आणि चेहऱ्याला उठाव येतो. दिवा थेट समोर ठेवला तर चेहरा पोळपाटासारखा सपाट दिसतो. डोक्यावर ठेवला तर भर दुपारच्या उन्हासारख्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. खालून ठेवला तर भुताचा चेहरा होतो. लहानपणी हनुवटीखाली बॅटरी धरून भावंडांना भिवविलेले तुम्हाला आठवत असेलच.

दुसरा भरणीचा दिवा, म्हणजे 'फिल लाईट'. मुख्य दिव्याने एक बाजू उजळली, दुसरी काळी राहिली. ती सावली अगदी घालवायची नाही, फक्त हलकी करायची. म्हणून दुसऱ्या बाजूने मंद उजेड द्यायचा. पुष्कळदा याला दिवाही लागत नाही. थर्माकोलचा पांढरा तक्ता किंवा चंदेरी कागद लावलेली फळी धरली की तिच्यावरून उलटलेला उजेड तेच काम करतो. वाईकडच्या भागात चित्रीकरणे नेहमी चालतात. मेणवलीच्या घाटावर तर 'स्वदेस'चे (२००४) चित्रीकरण झाले होते. त्या बाजूला फिरतीवर असताना मी एकदा असेच एक काम बघत उभा होतो. नटापेक्षा माझे लक्ष त्या तक्ता धरणाऱ्या पोराकडे. एक ढग सरकला की तो बोटभर तक्ता वळवी आणि नटाचा गाल पुन्हा उजळे. पाण्याच्या पाळीवर दारे धरणारा गडी जसा खोऱ्याच्या एका फटक्याने पाणी या सरीतून त्या सरीत वळवतो, अगदी तसेच.

तिसरा पाठीमागचा दिवा, 'बॅक लाईट'. तो माणसाच्या मागून आणि वरून येतो. त्यामुळे केसांना आणि खांद्याला उजेडाची बारीक कड येते आणि माणूस मागच्या भिंतीपासून सुटा होतो. संध्याकाळी मावळतीकडे तोंड करून ज्वारीच्या शिवाराकडे बघा. प्रत्येक कणसाला सोनेरी कड आलेली दिसते. तोच हा दिवा.

याखेरीज दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. उजेड कडक असतो किंवा मऊ असतो. सूर्य आकाराने प्रचंड, पण इतका दूर की आपल्याला टिपकलीएवढा दिसतो. लहान ठिकाणाहून येणारा उजेड कडक, त्याची सावली चाकूने कापल्यासारखी. तेच आभाळ ढगांनी भरले की सगळे आभाळच दिवा होते. उजेड चारी बाजूंनी येतो आणि सावली जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे दिव्याचा आकार जितका मोठा, तितका उजेड मऊ. लहान दिव्यापुढे पांढरे कापड ताणले की कापड हाच मोठा दिवा होतो.

दुसरी गोष्ट अंतराची. लहान दिव्यापासून पाच फुटांवर जितका उजेड पडतो, तितका दहा फुटांवर निम्मा पडेल असे आपल्याला वाटते. पण तो पडतो पाव हिस्सा. पंधरा फुटांवर नववा हिस्सा. अंतर दुप्पट तर उजेड चौथाई, असा हा हिशेब आहे. लग्नाच्या व्हिडिओत पुढच्या रांगेतला मामा पांढरा आणि मागच्या रांगेतली आत्या काळी का दिसते, याचे उत्तर येथे आहे. आत्याचा रुसवा बरोबर आहे, पण दोष दिव्याच्या अंतराचा आहे.

उजेडाला रंगही असतो. मेणबत्तीचा आणि जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड तांबूस, दुपारच्या उन्हाचा पांढरा, सावलीतला निळसर. शास्त्रज्ञ हे केल्व्हिन या मापाने मोजतात. मेणबत्ती सुमारे १९००, सिनेमाचा पिवळा दिवा ३२००, दिवसाचे ऊन ५५०० च्या आसपास. आपला डोळा हा फरक आपोआप सांभाळून घेतो, म्हणून बल्बखालीही सदरा पांढराच वाटतो. कॅमेऱ्याचा अंदाज मात्र चुकतो. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा, पुढे पिवळ्या पानाशी त्याचा संबंध येणार आहे.

ही बाराखडी झाली. आता त्यातून मोठी माणसे काय लिहून गेली, त्याचे तीन दाखले देतो.

पहिला बंगालचा. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'चे काम सुरू झाले तेव्हा कॅमेऱ्यामागे उभा होता सुब्रत मित्र नावाचा बाविशीतला तरुण. सिनेमाचा कॅमेरा त्याने त्याआधी चालवलेला नव्हता. तो चित्रपट १९५५ साली आला आणि जगभर गाजला. पुढचा 'अपराजितो' १९५६ चा. त्यात काशीतल्या जुन्या वाड्याचा चौक दाखवायचा होता. चौकात ऊन थेट येत नाही. वरच्या चौकोनी आभाळातून मऊ, सावलीविना उजेड झिरपतो. आपल्या जुन्या वाड्यांतही असेच असते. चौकाचा देखावा उघड्यावर उभारायचा बेत होता, पण पावसाळा तोंडावर आला. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त पावसाला भ्याले आणि चौक कलकत्त्यात स्टुडिओच्या छपराखाली बांधायचे ठरले. मित्र म्हणाले, छपराखाली आभाळाचा उजेड आणणे शक्य नाही. त्यांचे कोणी ऐकले नाही. मग त्यांनी युक्ती केली. चौकावर चौकटीत ताणून पांढरे कापड बांधले. दिवे चौकावर न रोखता खालून त्या कापडावर रोखले. कापडावरून उलटून खाली आला तो हुबेहूब आभाळाचा उजेड. दिवा वस्तूवर न मारता पांढऱ्यावर मारायचा आणि उलटलेला उजेड वापरायचा, ही रीत पुढे मित्रांच्या कामाची ओळखच झाली. पावसाच्या भीतीपोटी विद्या जन्मली. अडचण आली म्हणून जिरायती शेतकऱ्यानेही काय काय शोधून काढले आहे, ते आठवले की या गोष्टीचे नवल वाटत नाही.

दुसरा दाखला मुंबईचा. गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' १९५९ चा. कॅमेरा व्ही. के. मूर्ती यांचा, ते मूळचे म्हैसूरचे. एका प्रसंगात रिकाम्या स्टुडिओत वरून उजेडाचा एक जाड झोत तिरका खाली येतो, आणि त्या झोतात दोन माणसे. दिव्याने तसा समांतर, सूर्यासारखा झोत मिळेना. मग मूर्तींनी सूर्यच आत आणला. बाहेर उन्हात एक मोठा आरसा ठेवला, त्याचे कवडसे आत उंचावर ठेवलेल्या दुसऱ्या आरशावर घेतले आणि तेथून खाली सोडले. आपल्या घरात कौलाच्या फटीतून चुलीच्या धुरात उन्हाची तिरीप उतरते, तेच हे दृश्य, फक्त हत्तीएवढे मोठे. तो चित्रपट त्या वेळी चालला नाही. पण त्या उजेडाला लोक विसरले नाहीत. मूर्तींना २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले छायालेखक. पेरले ते उगवायला कधी कधी पन्नास वर्षे लागतात.

तिसरा दाखला परमुलखातला, पण शेतीचा. 'डेज ऑफ हेवन' हा अमेरिकन चित्रपट १९७८ चा. १९१६ सालच्या टेक्सासमध्ये गव्हाच्या कापणीला आलेल्या मजुरांची ती कथा. चित्रीकरण मात्र झाले कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात. दिग्दर्शक टेरेन्स मॅलिक, छायालेखक नेस्टर आल्मेंड्रोस. या लोकांनी ठरवले की पुष्कळशी दृश्ये तिन्हीसांजेलाच घ्यायची. सूर्य बुडालेला असतो, पण अंधार झालेला नसतो. आभाळ तेवढे उजळ असते. सावली कोठेच नाही, आणि उजेड नेमका कोठून येतो ते कळत नाही. आपण जिला कातरवेळ म्हणतो तीच ही वेळ. ती टिकते वीस-पंचवीस मिनिटे. दिवसभर तयारी करायची आणि तेवढ्या वेळात धावपळ करून काम उरकायचे. पावसाच्या दोन सरींमधल्या वापशात पेरणी उरकणाऱ्याला हे सांगायला नको. या कामाबद्दल आल्मेंड्रोस यांना ऑस्कर मिळाले. त्याच चित्रपटात टोळधाड आहे. ती दाखवायला हेलिकॉप्टरमधून भुईमुगाची टरफले खाली सोडली आणि माणसांना उलटे चालायला लावले. मग फिल्म उलटी फिरवली, तेव्हा टोळ जमिनीवरून उठून उडताना दिसले! आम्ही जन्मभर टोळ नियंत्रणाची पत्रके वाटली. टरफलांचा हा उपयोग मात्र आमच्या कोणत्याच पुस्तकात नव्हता.

हे वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे सिनेमा हा सगळा फसवणुकीचाच धंदा की! तसे नाही. जुन्या काळ्या-पांढऱ्या चित्रपटातली चांदणी रात्र नीट बघा. पुष्कळदा ती भर दिवसा घेतलेली असते. कॅमेऱ्यात उजेड कमी घेतला, भिंगापुढे रंगीत काच लावली, की दिवसाची रात्र होते. झाडाखालच्या ठळक सावल्या मात्र चोर उघडा पाडतात. पण तिकीट काढताना आपल्याला माहीत असते की हा खेळ आहे. बहुरूप्याला कोणी लबाड म्हणत नाही. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा हीच विद्या वापरून कोणी माल विकतो.

आता खऱ्या कामाचे. बियाण्याची, टॉनिकची, खताची जाहिरात हाती घ्या आणि आज शिकलेल्या डोळ्यांनी बघा. शेताचा फोटो सकाळच्या नाहीतर संध्याकाळच्या तिरप्या उन्हातला असतो. मागून उजेड येतो, म्हणून पान आरपार हिरवेगार चमकते. फळावर पाणी फवारून दव आणलेले असते. कॅमेरा खाली जमिनीलगत ठेवला की कमरेएवढे पीक पुरुषभर दिसते. कडेची चार झाडे तेवढी चौकटीत घेतली, की मधली मर दिसत नाही. 'आधी' म्हणून दाखवलेला फोटो मळभातला आणि 'नंतर'चा फोटो उन्हातला असेल, तर फरक औषधाने पडला की उजेडाने, हे कसे ठरवणार? दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. तेव्हा फोटोला भुलून पैसे मोजू नका. पिशवीवरचे लेबल वाचा. उगवण किती टक्के, तपासणी कोणत्या तारखेची, मुदत कोठवर आणि लॉट नंबर काय, हे बघा. पक्के बिल घ्या. रिकामी पिशवी, लेबल आणि मूठभर बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. उद्या उगवण झाली नाही, तर तक्रारीच्या वेळी कामाला येते ते हेच. जाहिरातीचा कागद कामाला येत नाही.

आता पानाचा फोटो कसा काढायचा. कृषी केंद्राकडे येणाऱ्या फोटोंत पुष्कळदा रोग कमी आणि उजेडाचा दोष जास्त असतो. भर दुपारी काढलेल्या फोटोत पान आरशासारखे चमकते आणि डाग दिसत नाही. रात्री गोठ्यातल्या पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत हिरवे पानही पिवळे दिसते. हिरव्या शेडनेटखाली काढला तर पिवळे पान हिरवे दिसते. आणि पिवळेपणावर तर आमचे अर्धे निदान अवलंबून असते. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली तर संशय नत्राचा. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, तर संशय लोहाचा. रंगच खोटा आला तर सल्ला खोटा, आणि खोट्या सल्ल्याचे पैसे तुमच्या खिशातून जातात. म्हणून सिनेमावाल्यांच्या तीन दिव्यांची ही शेतकी आवृत्ती ध्यानात ठेवा.

एक. रंग दाखवायचा असेल तर सकाळी किंवा मळभ असताना, किंवा स्वतःच्या अंगाची सावली पानावर पाडून फोटो काढा. उजेड मऊ हवा. पानाजवळ एक कोरा पांढरा कागद धरा. फोटोत कागद पिवळा दिसला, तर समोरच्या माणसाला कळते की उजेड पिवळा होता, पानाचा रंग तेवढा बदललेला नाही.

दोन. पृष्ठभाग दाखवायचा असेल, म्हणजे भुरीची पांढरी पावडर, लव किंवा खरखर, तर उजेड बाजूने तिरपा येऊ द्या. सपाट उजेडात भुरी दिसत नाही, तिरप्या उजेडात तिला उठाव येतो.

तीन. आतले दाखवायचे असेल तर पान आभाळाकडे धरून मागून उजेड घ्या. द्राक्षावरच्या केवड्याचे तेलकट डाग आणि डाळिंबाच्या पानावरचे तेल्याचे पाणीदार डाग असे आरपार बघितले की चटकन उमगतात. थेट सूर्यावर मात्र कॅमेरा रोखू नका.

याशिवाय एक फोटो पूर्ण झाडाचा, एक पानाच्या खालच्या बाजूचा आणि एक सबंध वाफ्याचा पाठवा. पांढरी माशी, फुलकिडे, कोळी बहुधा पानाच्या पोटाशी दडतात. शेजारी नाणे किंवा काडेपेटी ठेवली, तर डाग केवढा ते कळते. बाधित पानाबरोबर एक निरोगी पानही ठेवा.

उजेडाचे हे शास्त्र पिकालाही लागू आहे बरे का. शेवंतीच्या प्लॉटवर रात्री दिव्यांच्या माळा लावलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. मध्यरात्री दिवे लावून रात्र तोडली की झाड वाढत राहते आणि फुलावर यायचे थांबते. मग बाजार बघून दिवे बंद करायचे. पडद्यावर दिवसाची रात्र करतात, येथे रात्रीचा दिवस करतात.

शेवटी भगिनींसाठी आणि आयाबापांसाठी एक गोष्ट. स्थळ बघताना पोरीचा फोटो येतो. मोठा मऊ दिवा समोरून टाकला की रंग उजळतो, खळगे बुजतात. छायाचित्रकाराने उजेड थोडा चढवला की सावळी मुलगी गोरी होते. कोणी त्यावर भाळतो आणि मग प्रत्यक्ष बघून नाक मुरडतो. यात पोरीचा काय दोष? तिने उन्हात खुरपले, भात लावला, ते ऊन तिच्या अंगावर आहे. ते दिवा लावून पुसायचे कशाला? फोटो पाठवायचाच तर अंगणात, सकाळच्या उजेडात, बाजूला पांढऱ्या भिंतीचा आधार घेऊन काढलेला पाठवा. चेहरा खरा आणि प्रसन्न येतो. जे घर त्या फोटोला नाक मुरडेल, त्या घरात पोरगी न दिलेलीच बरी.

ज्यांच्या घरात एखादे पोर रात्रंदिवस मोबाईलने चित्रे टिपत असेल, त्यांनी नुसते रागावू नये. पुण्यात प्रभात कंपनीच्या जुन्या जागेवर १९६० पासून सरकारची चित्रपट शिक्षणाची संस्था आहे आणि छायालेखन हा तिथला रीतसर अभ्यासक्रम आहे. सुब्रत मित्रांनीही कॅमेरा हाती घेतला तो कोऱ्या पाटीनेच. पण पोराला आधी एक काम सांगा. एकाच बांधावरच्या एकाच झाडाचा फोटो पहाटे, दुपारी, मळभात आणि कातरवेळी काढून आण म्हणावे. चार फोटोंत चार झाडे दिसली, तर पोराला नजर आहे असे समजा.

या आठवड्यात तुम्हीही आपल्या पिकाचे एक पान घ्या आणि वर सांगितल्याप्रमाणे तीन बाजूंच्या उजेडात बघा. नुसत्या डोळ्यांनी बघितले तरी चालेल. काही वेगळे आढळले, तर पान कागदात गुंडाळून जवळच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा. फवारणीचा पंप त्यानंतरच पाठीवर घ्या.